भावासाठी लावलेली कार्डे

खाणीच्या स्टोअरमध्ये मी सगळी नोकरी बिनकार्डांवर काढली. बिनकार्ड म्हणजे वीतभर लांबीचे जाड पिवळट कार्ड. वरच्या अंगाला भोक, भोकात सुतळी आणि सुतळी रॅकच्या खिळ्याला. फिल्टर असो की फॅनबेल्ट, प्रत्येक वस्तूचे वेगळे कार्ड. आले किती, गेले किती, उरले किती. ड्रायव्हर कितीही आरडाओरडा करत आला तरी कार्डावर नोंद झाल्याशिवाय मी साधा नट हातातून सोडत नसे. लोक मला पाठीमागे चिकट म्हणत. म्हणोत बापडे. तपासणीला माझ्याकडे कधी एक वॉशरसुद्धा कमी भरला नाही, याचा मला तेव्हा गर्व होता आणि आजही आहे.

खाण बंद झाली तेव्हा कोऱ्या कार्डांचे गठ्ठे भंगारात निघाले होते. साहेबांना विचारून मी ते स्कूटरला बांधले आणि सर्वणला, आमच्या गावी, घरी आणले. दारात बायको उभी होती.

"लोक कामावयल्यान येताना घड्याळ घेवन येतत," ती म्हणाली. "तुमी रद्दी घेवन आयल्यात."

नंतर मला साखळीला हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहायचे काम मिळाले. पण ते दुकान दुसऱ्याचे होते, तिथे माझी पद्धत चालली नसती. मग मी घरालाच हात घातला. स्वयंपाकघरात जाण्याच्या बोळात भिंतीवर खिळ्यांच्या दोन ओळी ठोकल्या. डावीकडे करायची कामे, उजवीकडे झालेली. गॅसच्या सिलिंडरचे कार्ड, आईच्या गुडघ्याच्या गोळ्यांचे कार्ड, पावसाआधी भरायच्या लाकडांचे कार्ड, शेजाऱ्याने नेलेल्या शिडीचे कार्ड. मोठे काम असेल तर एकाच कार्डावर लिहायचे नाही, त्याचे तुकडे करायचे आणि एका तुकड्याला एक कार्ड, हा माझा नियम. कौले बदलायचे काम मी असेच पार पाडले. गवंड्याला कधी निरोप द्यायचा, जुनी कौले कुठे रचायची, कुठली रीप किडली आहे, सगळे भिंतीवर. ज्याच्या डोक्यात सगळे असते त्याला झोप येत नाही, भिंतीवर असले की येते. बायकोला हे पटले नाही, पण ती चिडलीही नाही. एकदा तिने माझ्या नकळत एक कार्ड लावून ठेवले होते. त्यावर लिहिले होते, "नवरा. आले एक. उरले एक." मी ते काढले नाही. पाहुणे आले की ती त्यांना मुद्दाम बोळातून नेई.

इथपर्यंत हसण्यासारखेच होते. पुढचे माझ्या धाकट्या भावाविषयी आहे.

आमच्या दोघांच्या वयात बरेच अंतर. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता, म्हणून त्याचे सगळे मीच बघितले. मोठा झाल्यावर त्याने ट्रक घेतला आणि खाणीवरून धक्क्यावर माल न्यायला लागला. आम्ही दोघे एकाच खाणीवर, तो बाहेर धुळीत, मी आत रॅकपाशी. खाण थांबली तशी त्याने ट्रक घराच्या कडेला आणून लावला आणि वर ताडपत्री घातली. सुरुवातीला तो रोज ताडपत्री काढून ट्रक धूत असे. मग अधूनमधून. मग ताडपत्रीवर वेल चढला तरी त्याने बघितले नाही.

आमच्या दाराबाहेर दोन्ही बाजूंना सिमेंटच्या बैठका आहेत, समोरासमोर. त्याला आमच्याकडे सोपो म्हणतात. तो सकाळपासून सोप्यावर बसायला लागला. नंतर तिथेही येईना. खोलीत पडून राही. दाढी वाढलेली, अंगावर तोच शर्ट. जेव म्हटले तर जेवायचा, नको म्हटले असते तर उपाशी राहिला असता. पूर्वी हा हसला की सगळ्या वाड्यावर ऐकू जायचे. आता घरात कोणी आहे की नाही, हे त्याच्या खोलीचे दार ढकलल्याशिवाय कळत नसे.

एक दिवस बायकोने त्याला विहिरीच्या काठावर उभे असलेले पाहिले. हातात कळशी नव्हती, दोरी नव्हती. तो फक्त खाली बघत होता. तिने हाक मारली तसा तो वळला आणि घरात आला. तिने मला हे सांगितले. मी त्याच आठवड्यात विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. पानं पडतात म्हणून, असे सगळ्यांना सांगितले. त्यालाही तेच सांगितले. बसवताना त्यानेही जाळी धरायला हात लावला.

म्हापशाला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, की रिकामा ठेवू नका, छोटी छोटी कामं द्या, घरातल्यांनी त्याच्याशी बोलत राहा. परत येताना बसमध्ये मी खिडकीपाशी बसून मनात कार्डे करत होतो. माझा भाऊ हातातून निसटतो आहे आणि मला येते ती एकच गोष्ट, ती मी करणार होतो.

पहिले कार्ड मी लावले, "ट्रक धुणे." ते दिवसभर डावीकडेच लटकत राहिले. दुसऱ्या दिवशीही. मला राग आला. मी आत जाऊन त्याला चार शब्द सुनावले, तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मग माझे मलाच कळले. इंजिन उघडायचे असले तरी कोणी स्टोअरमध्ये येऊन "इंजिन द्या" म्हणत नाही. एक रिंग मागतो, एक गॅस्केट मागतो. मी नवे कार्ड केले, "ताडपत्रीची पुढची दोरी सोड." एवढेच. संध्याकाळी दुकानातून आलो तर दोरी सोडलेली होती आणि कार्ड उजवीकडच्या खिळ्यावर होते. मला इतका आनंद झाला, की मी ते कार्ड काढून बायकोला दाखवायला नेले.

"दोरी सोडली म्हणून इतको नाचता?" ती म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते.

मग मागची दोरी. मग वेल काढणे. मग ताडपत्री उन्हात टाकणे, घडी करणे, काच पुसणे. हळूहळू सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत आला की उंडे पाव घ्यायला तोच जाऊ लागला, कारण तसे कार्ड होते. दाढी केली, कारण तसे कार्ड होते. आईला साखळीला दवाखान्यात नेऊन आणले. रोज उठला की बोळात यायचा, डावीकडची कार्डे काढून शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि एकेक काम करत सुटायचा. आम्ही शब्दही बोलत नसू आणि कामे होत. वाड्यावरचे लोक म्हणायला लागले, सुधारला हो. मी मान डोलवायचो. रात्री उद्याची कार्डे लिहायला बसलो की मला पुन्हा स्टोअरमध्ये बसल्यासारखे वाटायचे.

या सगळ्याच्या आधी आई देवळात जाऊन प्रसाद, म्हणजे देवाचा कौल, घेऊन आली होती. आमच्याकडे काही अडले की देवाला विचारतात. भट मूर्तीच्या अंगावर उजवीडावीकडे फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, आपले गाऱ्हाणे घालतो, आणि मग बघत बसायचे. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. आईने विचारले होते, माझा पूत बरा होईल काय? उजवी पडली. आई घरी आली ती नव्या लुगड्यासारखी कोरी होऊन. "देवान उजवो दिलो," तिने मला सांगितले, आणि स्वयंपाकघरात जाऊन गोड केले.

मी देवाच्या वाटेत कधी आडवा गेलो नाही. पण डॉक्टर म्हणाले होते की बोलत राहा, आणि भाऊ कोणाशीच बोलत नव्हता. आई तर त्याच्या एका शब्दासाठी आसुसलेली. मी एक कार्ड केले आणि ते खिळ्यावर न लावता त्याच्या हातात दिले. "संध्याकाळी सोप्यावर आईपाशी बस. जेवलीस काय, विचार. गुडघ्याचे विचार. फुलझाडांचे विचार."

त्याने ते वाचले, खिशात ठेवले आणि संध्याकाळी जाऊन बसला.

मी घरात जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, होतो. तो म्हणाला, "आई, जेवलंय?" आई आधी गोंधळली. मग जी सुरू झाली, ती दिवे लागून गेले तरी थांबेना. गुडघा, अबोलीची झाडे, शेजारणीच्या सुनेचे माहेर, सगळे काढले. तो मान हलवत होता. त्यानंतर रोज संध्याकाळी ती लुगडे बदलून, केसाला पाणी लावून सोप्यावर जाऊन बसू लागली. एक दिवस न सांगता देवळात नारळ ठेवून आली. मी विचारले तर म्हणाली, "देवान आयकलां. तो आता आपणान येता माजेकडे."

मुलगा आपणहून येतो, हा तिचा आनंद मोडून मला काय मिळणार होते?

मांद्रेला माझ्या मेव्हण्याच्या, पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्या आहेत, समुद्राच्या जरा अलीकडे. पर्यटकांचा मोसम सुरू होत होता आणि मोपाच्या विमानतळावरून पाहुणे आणायला त्याला ड्रायव्हर हवा होता. बायकोनेच विषय काढला. भाऊ गाडी चालवण्यात पक्का, आणि आता बरा दिसत होता. मला वाटले, हे जमले तर झालेच. माणूस पुन्हा रस्त्याला लागला, त्याची त्याला कमाई, त्याचे त्याला जगणे. मी सबंध रविवार बसून कार्डे केली. गाडी पुसणे. टायर बघणे. पाहुण्यांच्या नावाची पाटी घेणे. पाटी धरून दाराशी उभे राहणे. सामान डिकीत ठेवणे. मांद्रेला खोलीवर सोडणे. संध्याकाळी आईला फोन करणे, जेवलीस काय विचारणे. गठ्ठा रबरबँडमध्ये बांधून त्याच्या हातात दिला तेव्हा माझ्या छातीवरचे ओझे उतरले. बसस्टॉपवर मी त्याला सोडायला गेलो. बस येईपर्यंत आम्ही दोघे रस्त्याकडे बघत उभे होतो.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. संध्याकाळी आईचा फोन वाजायचा, ती तो कानाला लावून अंगणात फिरायची. मेव्हण्याने कळवले की माणूस वेळेवर उठतो, गाडी आरशासारखी ठेवतो. मी दुकानात मालकाला सांगून टाकले की भाऊ कामाला लागला.

मग एका संध्याकाळी फोन आला नाही. आई बराच वेळ हातात फोन धरून बसली. मी म्हटले, पाहुणे असतील गाडीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मेव्हण्याची गाडी आमच्या दारात थांबली आणि भाऊ पिशवी घेऊन उतरला. कोणाकडे न बघता खोलीत गेला. मेव्हणा माझ्याजवळ सोप्यावर बसला. तो चांगला माणूस आहे, त्याला हे बोलताना त्रास होत होता.

आदल्या दिवशी सकाळी यायचे पाहुणे आलेच नव्हते. त्यांचे विमान चुकले होते, त्यांनी मेव्हण्याला तसे कळवले. मेव्हण्याने भावाला फोन केला, पण फोन गाडीत राहिला होता. भाऊ पाटी धरून विमानतळाच्या दाराशी उभा. दुपार झाली, जेवण नाही, पाणी नाही, तो उभाच. तिथल्या शिपायाने दोनदा हटकले तर बाजूला सरला आणि परत येऊन उभा राहिला. शेवटी काळोख पडायला लागला तेव्हा मेव्हणा स्वतः तिकडे गेला.

"हांवें म्हटलां, अरे, येवंक नाय तर घरा येवचां न्हय? तर म्हणता, ती चिट नाय माजेकडे," मेव्हणा सांगत होता. "भावजी, गाडी तो बरी चलयता. पूण परक्या लोकांक तेच्या गाडयेत बसोवंक माका भंय दिसता."

पाहुणे आलेच नाहीत तर काय करायचे, याचे कार्ड मी केले नव्हते. माझी पहिली चिडचिड त्यावरच झाली, हे मी लपवत नाही. मी मनातल्या मनात तसे कार्ड करूनही टाकले. मेव्हणा चहा न घेताच गेला.

संध्याकाळी आई लुगडे बदलून सोप्यावर जाऊन बसली. मुलगा घरी आला होता, तिला तेवढेच पुरे होते. थोड्या वेळाने भाऊ खोलीतून बाहेर आला. खिसे चाचपत तिच्यासमोर उभा राहिला. मी दारातच होतो.

"आई," तो म्हणाला, "ती चिट खंय पडली ती कळना. आज किदें विचारूं?"

"खंयची चिट?"

"दादान दिल्ली ती. जेवलंय काय विचार, ढोंपराचां विचार."

आईने माझ्याकडे पाहिले. मग त्याच्याकडे. तिला कळायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, "जेवलंय मी. तू वच, आराम कर." तो निमूटपणे आत गेला. सांगितले की जायचे, हे त्याला सोपे होते.

आई रडली असती तर मला परवडले असते. ती सोप्यावरच बसून राहिली आणि हळू आवाजात बोलली. "माजो पूत आपणान येता म्हणून देवाक नारळ ठेवन आयलंय मी. देवान उजवो दिल्लो तो खंयच्या कामाक? तुज्या चिटयांक?"

मी सांगायचा प्रयत्न केला की डॉक्टरांनी सांगितले होते, की तो बोलत नव्हता, की त्याच्या भल्यासाठीच केले.

"तेच्या भल्याक कर," ती म्हणाली. "गाडी धुवंक लाय, उंडे हाडूंक लाय. माजेकडे बसूंक तेका चिट दिवं नाका. नाय आयलो तर नाय. मी एकटी बसतलंय."

बायको आत सगळे ऐकत होती. मला वाटले ती तरी माझी बाजू घेईल. तिने मला ताट वाढले आणि म्हणाली, "तुमी माणसांक रॅकार लायल्यात." मी ताटावरून उठलो. तिनेही थांबवले नाही.

आईपाशी बसायचे ते कार्ड मी पुन्हा लिहिले नाही. आई संध्याकाळी सोप्यावर बसायची, पण रोजचेच लुगडे नेसून, वाती वळत. भाऊ त्या वेळेला बोळात यायचा, डावीकडच्या खिळ्यांवर हात फिरवून बघायचा आणि खोलीत परत जायचा. पुढे पुढे सकाळची कार्डेही डावीकडेच राहू लागली. उंडे आणायला पुन्हा बायको जाऊ लागली. दाढी वाढली. मी कार्डे अजून बारीक केली, इतकी की एका कार्डावर फक्त "चप्पल घाल" लिहिले. तेही तसेच लटकले. मी दुकानात बसून चुकीची बिले करत होतो. फोन वाजला की घरचा असेल म्हणून हातातले काम टाकून मी तो उचलत असे. रोज घरी येताना वळणावरून आधी विहीर दिसते, तिच्यावरची जाळी जागेवर आहे का, हे बघितल्याशिवाय मी पुढे जात नसे.

शेवटी मला धीर धरवेना. आईला काय वाटायचे ते वाटू दे, म्हटले, आईचा रुसवा मी सोसेन, भाऊ गेला तर सोसवणार नाही. दुकानातच मी ते कार्ड पुन्हा लिहिले. आईपाशी बस, जेवलीस काय विचार. शर्टाच्या खिशात घातले आणि घरी निघालो.

स्कूटर मागच्या अंगणात लावून मी मागच्या दाराने आत आलो. घरात सामसूम होती. बायको वाड्यावर हळदीकुंकवाला गेली होती. भावाची खोली उघडी आणि रिकामी. मी विहिरीकडे जायला वळलो. मग बाहेरून आवाज आला म्हणून मी जनेलापाशी गेलो.

भाऊ सोप्यावर आईच्या बाजूला बसला होता.

"आज चिट नाय," तो सांगत होता.

"माका ठावक आसा," आई म्हणाली. ती वाती वळत होती.

"किदें विचारूं तां कळना."

"नाका विचारूं. उगी बस."

तो बसला. रस्त्यावरून साखळीची बस गेली. आईने दोन वाती वळून थाळीत ठेवल्या. तिने त्याच्याकडे बघितले नाही, काही विचारले नाही. मी असतो तर तेवढ्यात दहा गोष्टी सुचवल्या असत्या.

"आई," तो बऱ्याच वेळाने म्हणाला, "सकाळीं माका उठचां दिसना. दोळे उगडले काय वायट दिसता. कित्याक तां कळना."

"ट्रक रावलो तेन्ना पासून?"

"तेच्या आदीं पासून. ट्रक चलतालो तेन्ना पासून."

सकाळी उठावेसेच वाटत नाही, आणि तेही ट्रक चालत होता तेव्हापासून. मी जनेलाची चौकट धरली. ट्रक थांबला म्हणून हा थांबला, हे मी डॉक्टरांना सांगितले होते, बायकोला सांगितले होते, सगळ्या वाड्याला सांगितले होते. माझी पहिल्यापासूनची सगळी कार्डे त्याच हिशेबाने केलेली होती. ट्रक चालत होता तेव्हा तो दिवसातून कितीदा तरी माझ्या स्टोअरच्या खिडकीशी येत असे. फिल्टर द्या, बेल्ट द्या. मी कार्डावर नोंद करून देत असे आणि पुढच्याला हाक मारत असे.

"दादाक कित्याक सांगूंक नाय?" आईने विचारले.

"दादा खंय विचारता? दादा चिटी लायता."

तो हे रागाने बोलला नाही. पोदेर सकाळी येतो, असे सांगावे तसे बोलला. आईने वात खाली ठेवली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो लहान असताना रडायचा तसा, खांदे आत घेऊन, रडायला लागला.

मला आधी राग आला. एवढे करून हे ऐकायचे? मग आईचा मत्सर वाटला, तिने काही न करता हे मिळवले म्हणून. आणि मग माझ्या लक्षात आले की माझा भाऊ आजारी पडल्यापासून मी त्याच्याशेजारी एकदाही बसलेलो नाही. आईने बसावे, डॉक्टरांनी बोलावे, मेव्हण्याने काम द्यावे, या सगळ्याची मी सोय लावली होती. मला भीती वाटत होती. विचारले आणि त्याने खरेच सांगितले तर पुढे काय करायचे, हे मला माहीत नव्हते.

मी पुढच्या दाराने बाहेर गेलो आणि समोरच्या बैठकीवर बसलो. आईने एकदा माझ्याकडे पाहून पुन्हा वात हातात घेतली. भावाने बाहीने तोंड पुसले.

"दादा," तो म्हणाला, "तुका कोणें सांगलां हांगा बसूंक?"

"कोणें नाय," मी म्हटले.

त्याची नजर माझ्या शर्टाच्या खिशावर गेली. कार्डाचे पिवळे टोक वर आलेले होते. मी हात लावून ते आत दाबले, पण त्याने पाहिले होते. त्याला वाटले, मलाही कोणीतरी कार्ड दिले आहे, आणि म्हणूनच मी त्याच्यापाशी येऊन बसलो आहे.

"बरां," तो समजुतीने म्हणाला. "बस मागीर."